मशीनमधला दसरा

अंबादासचं लग्न रविवारवर आलं होतं आणि त्याला रजा मिळत नव्हती. अंधेरीतल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एका सहकारी बँकेचा प्रोग्राम बनत होता. त्यात एक ओळ जरी बदलली तरी मशीनला ढीगभर हुकूम ठरलेल्या क्रमाने द्यावे लागत, तेव्हा कुठे नवा प्रोग्राम उभा राही. तो क्रम फक्त अंबादासला पाठ होता.

"तू बोहल्यावर उभा, आणि इथे कोण?" मालक सामंतसाहेब म्हणाले. हुकूम देण्याचं काम मशीनवरच सोपवता येईल असं काहीतरी निवडा, ते चाललं की खुशाल जा, असं त्यांनी सांगून टाकलं.

लगेच दोन पक्ष पडले. जयवंतचं म्हणणं, सगळे हुकूम ओळीने एका फायलीत लिहून ठेवू, मशीन वाचत जाईल. अनुपमा 'मेक'च्या बाजूची. हा प्रोग्राम मशीनबरोबरच आला होता. तो फायलींच्या तारखा बघायचा आणि बदललं असेल तेवढंच नव्याने बनवायचा.

आधी जयवंतची फाइल चालवली. ती मध्येच एका हुकुमाला अडखळली, पण न थांबता शेवटपर्यंत गेली. शेवटचा हुकूम जुना प्रोग्राम पुसण्याचा होता. तो तिने मनापासून पाळला.

"आज्ञाधारक आहे ना पण," जयवंत म्हणाला. अंबादासने दुपारभर बसून सगळं हाताने परत उभं केलं.

म्हणजे मेकच. पण पितृपक्ष चालू होता, आणि सामंतसाहेब पितृपक्षात नवा रुमालसुद्धा काढत नसत. तोडगा त्यांनीच काढला. "मशीनला सांग, आज दसरा आहे."

अंबादासने तारीख पुढे सरकवली. टर्मिनलला झेंडूचा हार पडला, मेकने अख्खा प्रोग्राम बिनचूक बनवला, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी तारीख गुपचूप मागे घ्यावी लागली, कारण चाचणीच्या खात्यांवर दसऱ्यापर्यंतचं व्याज चढायला लागलं होतं.

शुक्रवारी बँकेने एक दुरुस्ती सांगितली. अनुपमाने ती केली, मेक चालवला. मेकने कळवलं की सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. सामंतसाहेब खूश झाले. इतकी निवांत नोकरी करणारा त्यांनी पाहिला नव्हता. पण चूक जिथल्या तिथे. पुन्हा चालवलं, पुन्हा सगळं ताजं. तेवढ्यात अंबादासच्या होणाऱ्या बायकोचा, राधाचा फोन आला. रजेचं काय झालं, तिने विचारलं. साहेबांनी तिलाही सगळं ताजं आहे असंच सांगितलं.

फोन ठेवेपर्यंत अंबादासच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, तयार फायलींवर दसऱ्याची तारीख बसलीय. आज काहीही बदला, मेकला ते त्याच्या आधीचंच वाटणार. दसरा उजाडेपर्यंत तो हात लावणार नाही."

"मग?"

"तयार फायली पुसून आजच्या तारखेत बनवायच्या."

"पितृपक्षात?"

मग अंबादास हळूच म्हणाला, "माझं लग्नपण पितृपक्षातच आहे, साहेब."

साहेब दचकले. रविवार त्यांना माहीत होता, हे त्यांनी जुळवून पाहिलं नव्हतं. मुहूर्त कितीचा, त्यांनी विचारलं.

"मुहूर्त नसतो आमच्यात. माणसं आली, हार आले, बुद्धवंदना झाली, की लग्न लागलं. घाटकोपरला हॉलसुद्धा पटकन मिळाला. या दिवसांत मागतंय कोण?"

"आणि मुलीला चालतं हे?"

"तिनेच दिवस काढला. हॉस्पिटलात नर्स आहे ना, तेवढाच रविवार तिला ड्यूटी नव्हती."

साहेब पडद्याकडे बघत राहिले. "पुस," ते शेवटी म्हणाले. "पोरीला ड्यूटीतून एक रविवार मिळतोय, आणि मी दसरा धरून बसलोय."

फायली पुसल्या. मेक मुकाट्याने कामाला लागला, बँकेची चूक गेली, रजा मिळाली.

रविवारी लग्न लागलं. पांढऱ्या कपड्यांत अंबादास छान दिसत होता, फक्त त्याची नजर सारखी दाराकडे जात होती.

"कोणाची वाट बघताय?" राधाने विचारलं.

"ऑफिसातून कोणी बोलवायला येतंय का, ते. बँकेची आजपण दुरुस्ती होती."

"येणार कोण? सगळे तिकडे जेवायला बसलेत."

खरंच. अनुपमा आणि जयवंत शेजारीशेजारी, आणि सामंतसाहेब बुंदी पुन्हा मागत होते. निघताना मेक चालू करून आले होते म्हणे. कोणालाच कसली काळजी नव्हती. अंबादासला सुटल्यासारखं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं रडूही आलं.

"आता मी काय करायचं?" त्याने विचारलं.

राधाने त्याच्या गळ्यातला हार नीट केला. "आधी आईला नमस्कार करा," ती म्हणाली, "मग मावशीला. मग जेवा. पुढचं सांगते."