अंगणातलं तीर्थ

"आभा यंदा चारच दिवस राहणार म्हणते," फोन खाली ठेवत सदाशिवराव म्हणाले. "तिले पुण्यात पोहायचा क्लास लावून राह्यले. क्लास! शिट्टीवाला मास्तर आहे म्हणे."

पद्मजाबाई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पुढचं त्यांना पाठ होतं. आता मुकुटबनची विहीर येणार होती.

आणि ती आलीच. मामाच्या मळ्यातली, चिरेबंदी, आत पायऱ्या उतरत गेलेली. डोमाजी मामांनी पाठीला वाळका भोपळा बांधून लहानग्या सदाशिवला तिच्यात कसं ढकललं, तो नाकातोंडात पाणी जाऊन कसा बोंबलला, आणि त्याच सुट्टीत चिंचेच्या फांदीवरून सूर मारायला कसा लागला, हे सगळं साग्रसंगीत झालं. पोहून झाल्यावर तापलेल्या दगडांवर पोट टेकून पडायचं, ओल्या दगडाचा वास घ्यायचा, मामी शेंगा भाजून आणायची. लग्न झाल्यापासून ही विहीर पद्मजाबाईंनी इतक्यांदा ऐकली होती की तिच्या पायऱ्या त्यांना अंधारातही उतरता आल्या असत्या.

विहीर आता राहिली नव्हती. आजूबाजूला बोअर झाल्या, पाणी आटलं, शेवटी कुणीतरी ती बुजवून टाकली. त्यामुळेच सदाशिवरावांचा जीव तुटत होता. नातीला द्यायला त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? मोबाइल तिला त्यांच्यापेक्षा चांगला कळत होता. पोहणं तेवढं त्यांना येत होतं, आणि तेही आता शिट्टीवाला मास्तर शिकवणार. मग पोरगी यवतमाळच्या उन्हात येईल कशाला? पुढच्या वर्षी चारचे दोन दिवस होतील, आणि एक दिवस नुसता फोन येईल.

"तिले मीच शिकवीन," ते म्हणाले. "इथं. अंगणात."

मोबाइलवर त्यांनी शोधूनही ठेवलं होतं. लोखंडी नळ्यांचा गोल सांगाडा, त्यात ताणून बसवलेलं जाड निळं प्लास्टिक आणि चढायला शिडी. जमीन खणायचं कामच नाही.

"नळ आठवड्यातून एकदा येते," पद्मजाबाई म्हणाल्या, "अन् तुम्ही पोहायले निघाले. लोक काय म्हणतीन?"

"टँकर बोलावतो. सुट्टी संपली की सारं पाणी झाडाईले. झालं?"

सदाशिवराव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झाले होते. नोकरीत त्यांनी जितके पूल आणि बंधारे बांधले, त्यांतल्या एकाचीही त्यांनी इतकी काळजी घेतली नसेल. अंगणातली काळी माती उन्हाळ्यात चप्पल अडकेल एवढी भेगाळते, म्हणून त्यांनी मुरूम आणून टाकला आणि स्वतः धुम्मस घेऊन तो ठोकला. पाणसळ लावून जमीन सपाट झाली ना, ते चारचारदा तपासलं. तलाव उभा राहिला तेव्हा त्याच्या काठावरून त्यांनी हात फिरवला. त्यांना मामा आठवले असावेत.

इथवर सगळं नकाशाप्रमाणे झालं. बिघडलं ते टँकर गल्लीत शिरल्यावर.

यवतमाळात भर मे महिन्यात टँकर गल्लीत येतो तेव्हा त्याला कुणी बोलावलं हे कुणी विचारत नाही. दारं उघडतात आणि पाण्याचे गुंड, बादल्या, पिंपं बाहेर येतात. देवीलाल ड्रायव्हरने पाइप तलावात सोडला तोवर फाटकाशी रांग लागलीही होती. रांगेत सगळ्यात पुढे शेजारच्या कांताबाई, कडेवर रिकामा गुंड घेऊन.

"भाऊजी, हे काय बांधलं व माय? टाकं का?"

"नाही, म्हणजे... पोहायचं आहे. आभासाठी."

कांताबाईंनी आधी तलावाकडे पाहिलं, मग आपल्या गुंडाकडे. ते पाहणं सदाशिवरावांना जड गेलं. सगळी रांगच त्यांच्याकडे बघत होती.

अशा वेळी पद्मजाबाईंचं डोकं चालतं. त्या पुढे झाल्या. "अवं, आधी सगळ्याजणी भरून घ्या ना. अन् संध्याकाळी या बरं का. नव्या पाण्याची पूजा आहे."

सदाशिवराव त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "पूजा कायची?"

"विहिरीले पाणी लागलं तर करतेत, बोअरले पाणी लागलं तर करतेत. याले काहून नाही? तेवढंच लोकाईचं तोंड गोड होईन."

संध्याकाळी गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. तलावाच्या नळ्यांना हळदीकुंकवाची बोटं उठली, शिडीला हार पडला, नारळ फुटला, खोबऱ्याचा प्रसाद वाटला. कुणी खण वाहिला, कुणी पाण्यात दिवे सोडले. शेवटी कांताबाई लगबगीनं घरी गेल्या आणि लाखेनं तोंड बंद केलेली एक बाटली घेऊन आल्या.

"कळंबले चिंतामणी गणपतीच्या कुंडात कैक सालांनी पाणी आलतं ना, तवाचं हे. देव्हाऱ्यात जपून ठेवलं होतं. एवढं चांगलं काम करून राह्यले तुम्ही, घ्या."

आणि त्यांनी बाटली तलावात रिकामी केली. बायकांनी हात जोडले. सदाशिवरावांनीही जोडले. आपण काय गमावतोय याचा त्यांना तेव्हा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा सलील आभाला घेऊन आला. त्याला रविवारी परतायचं होतं. तलाव पाहून आभा जी किंचाळली ती थेट आत पळाली आणि पोहायचा पोशाख घालून बाहेर आली. सदाशिवराव गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत शिडीशी तयारच होते. नऊ वर्षांच्या नातीचा हात धरून त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"भाऊजी!"

कुंपणापलीकडून कांताबाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ त्या स्वतःही आल्या.

"पुजलेल्या पाण्यात पाय टाकून राह्यले? चिंतामणीचं पाणी आहे त्याच्यात!"

"पण कांताबाई, हे पोहायलेच तर..."

"काल हात जोडले अन् आज लाथा मारता?"

बघता बघता चारपाच जणी जमल्या. सगळ्यांचं मत एकच पडलं, की देवाच्या पाण्यात पोहणं शोभत नाही. सदाशिवरावांनी आशेनं पद्मजाबाईंकडे पाहिलं. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "म्हणतेत ते बरोबरच आहे. माझ्या ध्यानातच नाही आलं."

आभाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "मग मी रविवारी बाबांबरोबरच जाते. तिकडे क्लास तरी आहे."

चार दिवसांचे दोन झाले होते. रात्री सदाशिवरावांना जेवण गेलं नाही. आपल्या हातानं ठोकलेल्या मुरमावर एवढा सुरेख तलाव उभा, एखाद्या देवळातल्यासारखी बायकांची ये-जा, आणि पोर कोपऱ्यात बसून मोबाइल बघतेय.

शनिवारी सकाळी कांताबाई तलावाला फूल वाहायला आल्या तेव्हा ते दारातच उभे होते.

"कांताबाई, तुम्ही काशीले गेलत्या ना?"

"गेलती ना. चार साल झाले."

"मग तिथं काठावरूनच नमस्कार करून आल्या का?"

"काहून? चांगल्या डुबक्या मारल्या की!"

"तेच म्हणतो मी. हे तीर्थ झालं असन तर डुबकी चालते ना?"

कांताबाईंनी फूल हातात तसंच धरून बराच विचार केला. "डुबकीले मनाई नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण पहिला मान जिनं पूजा केली तिचा."

पद्मजाबाईंना बोलावण्यात आलं, तोवर गल्लीतल्या बायकाही जमल्या. त्या आधी नाही म्हणाल्या, मग लोक हसतील म्हणाल्या, मग नातीच्या रडवेल्या तोंडाकडे पाहून तयार झाल्या. त्यांनी चष्मा काढून आभाच्या हातात दिला, साडीचा काचा मारला, पदर कमरेला करकचून खोचला. शिडी चढून पाण्याला हात लावून नमस्कार केला आणि नाक धरून खाली गेल्या.

त्या वर येईनात.

"पद्मजा!" सदाशिवराव शिडीकडे धावले. कांताबाईंच्या हातातलं फूल गळून पडलं. "बाई व! काय झालं व!" सगळ्या एकदम ओरडायला लागल्या.

तेवढ्यात तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला पाणी फुटलं. पद्मजाबाईंनी डोकं वर काढलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, भिंतीला पायानं रेटा दिला आणि सरळ उताण्या होऊन पाण्यावर पसरल्या. हात नाही हलला, पाय नाही हलला. साडी फुगली होती, डोळे मिटलेले होते आणि तोंडावर हसू होतं. एवढ्या वर्षांत हे हसू सदाशिवरावांनी पाहिलं नव्हतं.

"आजी, तुला पोहता येतं?" आभा ओरडली.

"आमचं गाव मारेगावाकडे, वर्धा नदीच्या काठावर," पद्मजाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आम्ही पोरी अलीकडून डोहात उड्या टाकत जाओ अन् पलीकडून टरबुजं घेऊन येओ. लग्नानंतर कुठं पाणी अन् कुठं पोहणं!"

"मग कधी सांगितलं कसं नाहीस?"

"तुह्या आजोबाची विहीर संपन तवा सांगीन ना!"

कांताबाई तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग सगळी गल्लीच हसली. सदाशिवराव हसले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या आत कुठंतरी फार बरंही वाटलं.

त्या रविवारी सलील एकटाच परत गेला. आभा आजीच्या हातावर पोट टेकून पाय मारत होती. "गुडघे वाकवू नको, पाणी कापायचं असते, बडवायचं नसते," पद्मजाबाई सांगत होत्या. शिडीवर कांताबाई काचा मारून तयार उभ्या होत्या. देवाच्या पाण्यात पोहणं शोभत नाही, हे त्यांना आता आठवत नसावं.

सदाशिवरावांनीही मधे एकदा आत उतरून पाहिलं. त्यांनी दोनचार हात मारले आणि पाण्याचा लोटच्या लोट बाहेर सांडला.

"तुम्ही काठावर बसा बरं," पद्मजाबाई म्हणाल्या. "तुमचं हे विहिरीतलं पोहणं आहे. अशानं पुन्हा टँकर बोलवा लागन."

ते मुकाट्यानं बाहेर आले आणि अंग पुसून तलावाशेजारी खुर्ची टाकून बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी घसा खाकरला.

"पद्मजा, तो वर्धेचा डोह केवढा खोल होता गं?"

"थांबा जरासे," पद्मजाबाई पाण्यातूनच म्हणाल्या. "पोर शिकून राह्यली. मग सांगते, पहिल्यापासून."