टिपणिसांचा सहावा देश

त्या डोंगराळ देशात माणसं ठरलेलीच मावतात, त्यामुळे बाहेरून तीन आत आली की आतली तीन बाहेर जातात. बाहेर गेलेल्यांनी मग, आत आलेले जिथे निघाले होते तिथे, त्यांच्याऐवजी जायचं असा साधा नियम आहे.

सिंधू टिपणीस तिथे थांबायला मुळीच तयार नव्हती. तिची लेक केतकी गेल्या आठवड्यात बाळंत झाली होती आणि केतकीचं घर आता घाट उतरला की आलंच होतं. विमानातून उतरल्यापासून सिंधूचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण रस्त्यात देशाची पाटी दिसली आणि दिगंबररावांनी मुलाला, ओजसला, गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. त्यांचे पाच देश बघून झाले होते.

"अनायासे सहावा होतोय," ते म्हणाले. "चहा घेऊ, एक फोटो काढू, निघू. पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत," सिंधू म्हणाली. पण गाडी थांबली होती.

फाटकावरचा अधिकारी मराठीत बोलला. देश एवढासा, स्वतंत्र भाषा पोसणं परवडत नाही, म्हणून ते येणाऱ्याचीच वापरतात. त्याने नियम मोठ्याने वाचून दाखवला. विमानातल्या सूचना ऐकाव्यात तशी दिगंबररावांनी मान डोलावली आणि "हो हो, चालेल" म्हणून टाकलं. तेवढ्यात आतून तीन माणसं आली. मार्टा नावाची गोल चेहऱ्याची बाई, तिचा मिशीवाला नवरा आणि वयात आलेला मुलगा. ती तिघं टिपणिसांच्या गाडीत बसली.

इथे सिंधूने जे केलं ते तिच्या आईने केलं असतं, आजीनेही केलं असतं. माणसं केतकीच्या गावाकडे निघालीत म्हटल्यावर तिने डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशोपेची पुडी आणि स्वतः शिवलेली कुंची मार्टाच्या हातात ठेवली. कोणाकडे रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? "आम्ही पाठोपाठ येतोच आहोत," असंही तिने सांगितलं. मार्टा गोड हसली.

चहा झाला, फोटो झाला. तिघं फाटकाशी परत आली तेव्हा अधिकारी म्हणाला, "आता कुठे? तुम्ही तर पोहोचलात."

सिंधूने केतकीला फोन लावला.

"अगं आई, उगीच फोन कशाला करतेस?" केतकी म्हणाली. "समोरच तर बसली आहेस. बाळाला मांडीवर घेऊन."

"ती मी नव्हे, केतकी!"

"नियमाने तूच. मला तिथून कळवलंय तसं. आणि तुझ्या हातात कसं पटकन झोपलं गं!"

सिंधूला रडू आलं. तिने ते आवरलं आणि विचारलं, "मला टाळू भरता येतेय का?"

"छान भरतेस."

ती तरातरा अधिकाऱ्याकडे गेली. "मार्टा परत कधी येणार?"

"तुम्ही मुलीकडून परतणार होता तेव्हा, बाई. किती राहायचं ठरवलं होतंत?"

"बाळाने मान धरेपर्यंत."

"मग तोवर ती तिथेच. नाहीतर बाहेरून कोणी आत आलं, तर आतल्या एकाला जाता येईल."

तिघं मार्टाच्या घरी राहू लागली. मार्टाचा नवरा संसदेत होता, म्हणून दिगंबरराव संसद भरे त्या पावाच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसत आणि दुपारी ठराव मंजूर करून येत. त्यांना ते मानवलं. ओजस शेळ्या राखायला लागला आणि दोन वेळा पोटभर जेवू लागला. सिंधूचं मात्र कशात लक्ष लागेना. भांडं हातात घ्यायची, ठेवायची, खिडकीशी जायची. घरात फेऱ्या मारून झाल्या की खांद्याला पर्स लावून फाटकाशी जाऊन उभी राहायची. गाड्या येत आणि न थांबता निघून जात. या माणसांना चहा लागत नाही की काय, याचा तिला भयंकर राग येई.

एक दिवस एक गाडी थांबली. बाई एकटीच होती, डोळे ओढलेले. पाच मिनिटं टेकावं, काहीतरी गरम घ्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. सिंधूने पर्स छातीशी धरली. पाय आपोआप पुढे गेले.

"निघाला आहात कुठे?" अधिकाऱ्याने नियमानुसार विचारलं.

"आईकडे," बाई म्हणाली. "फार वेळ नाही आता तिच्याकडे. डॉक्टरांनी लगेच या म्हणून कळवलंय."

अधिकारी सिंधूकडे वळला. "तुमचा नंबर लागतोय, बाई. त्यांच्या आईकडे जावं लागेल. जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा. तिथलं आटोपलं की तुम्ही मोकळ्या. मग मुलीकडे जा, कुठेही जा."

मोकळ्या! सिंधूला बाळाचा वास आल्यासारखं झालं. बाईने गाडीचं दार उघडलं, एक पाय खाली टेकवला.

"उतरू नकोस!" सिंधू ओरडली. "खबरदार उतरलीस तर! तिथेच बस."

ती धावत पावाच्या दुकानात गेली. ठराव चालू होता, दिगंबरराव "अगं, काय झालं?" म्हणत उठले, पण तिचं लक्ष नव्हतं. चहाचा हिंदकळता पेला घेऊन ती आली आणि फाटकावरून तो बाईच्या हातात दिला.

"गाडीतच पी. कडक आहे. आणि मध्ये कुठेही थांबू नकोस, कितीही सुंदर दिसलं तरी."

बाईने चटके सोसत चहा संपवला आणि गाडी हाकली. पेला तिच्याबरोबरच गेला. अधिकाऱ्याने नोंद केली, की आज आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही.

सिंधू फाटकाशी उभीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई," केतकी ओरडतच होती, "बाळ हसलं! पहिल्यांदा! तुझ्याकडे बघून!"

सिंधूने पदराने तोंड पुसलं.

"हो गं," ती म्हणाली. "बघितलं मी."