डावीकडचा पक्षी

प्राणिसंग्रहालयाचा पेंटर सात वर्षं रोजंदारीवर होता. आज पाहणी समितीला त्याची नवी पाटी पसंत पडली, की तो कायम होणार होता. कासव आणि घुबड यांची तुलना करणारी ती पाटी त्याने दोघांच्या मधोमध, चांगली सिमेंटात बसवली होती. समिती यायला अर्धा तास उरलेला असताना रखवालदारकाकांनी ती मोठ्याने वाचली.

"डावीकडे पाहा. वर्ग : पक्षी. अधिवास : झाडाची ढोली. प्रजातीची स्थिती : चिंता नाही." काकांनी डावीकडे पाहिलं. तिथे कासव पालक खात होतं. "अरे शहाण्या, हा पक्षी?"

"काका, गज रंगवायला मी कायम आतच असतो. आतून बघा ना, डावीकडे घुबडच आहे."

"आणि लोक काय आतून बघणारेत?"

पेंटरने दोन्ही हातांनी पाटी हलवून पाहिली. नवा रंग वाळायला दुपार उजाडणार, आणि सिमेंट तर दगड झालेलं. शेवटी काकांनाच अक्कल सुचली. न सुचती तर बरं झालं असतं.

"पाटी हलत नाही ना? मग प्राणी हलवू."

कासवाची काही तक्रार नव्हती. ते घुबडाच्या पिंजऱ्यात गेलं आणि पालक खात राहिलं. घुबडाला काकांनी गोणपाटात गुंडाळून कासवाच्या कुंपणात सोडलं. कुंपण गुडघ्याएवढं, वर छप्पर नाही. कासवाला छप्पर हवंय कशाला? घुबडाने एकदा वर पाहिलं, एकदा काकांकडे पाहिलं, आणि सरळ समोरच्या झाडाची ढोली गाठली.

"मेलो! गेली माझी नोकरी!" पेंटर डोकं धरून खाली बसला.

तेवढ्यात समिती आलीच. अध्यक्षबाईंनी पाटी वाचली, रिकामं कुंपण पाहिलं. "घुबड कुठंय?"

पेंटरने झाडाकडे बोट दाखवलं.

बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. "खरंच ढोलीत! ना जाळी, ना कुलूप! मग कासव का पिंजऱ्यात?"

"त्याची स्थिती धोक्यात आहे ना, बाई," काका म्हणाले. "वाचा की पाटीवर. म्हणून कुलपात."

"वा! कोणाची कल्पना ही?"

"ह्याचीच," म्हणत काकांनी पेंटरला पुढे ढकललं.

"ह्याला आजच कायम करा. आणि रानडुकराची स्थिती काय आहे हो?"

"चिंता नाही, बाई," काका सवयीने बोलून गेले.

"मग उद्या सकाळी तोही पिंजरा उघडू. ह्याच्याच हातून."

पेंटरने हात जोडले. "बाई, मी रोजंदारीवरच बरा आहे."