कोंडसुरे मंडळाची अमेरिकन घटना

कोणत्याही संस्थेचे आरोग्य तिच्या सभासदांवर अवलंबून असते. सभासद जितके कमी, तितकी संस्था ठणठणीत. मोठमोठ्या राष्ट्रांना हे अजून उमगायचे आहे. कोंडसुरे ग्रामस्थ मंडळ, बहारीन (स्थापना १९७४) यांना ते यंदा, १९८३ सालीच उमगले, आणि याचे सगळे श्रेय गणपत ड्रायव्हरला जाते. मला श्रेय नको, असे तो आजही हात जोडून सांगतो. थोर माणसे असेच सांगतात.

मंडळ तसे पहिल्यापासूनच आदर्श. झिंज वस्तीत एक खोली, सत्तावीस सभासद आणि पोस्टात एक टपालपेटी. बहारीनमध्ये पोस्टमन दारात येत नाही, त्यामुळे सत्तावीस जणांची घरची पत्रे त्या एका पेटीत पडत आणि चिटणीस रावजी ती शुक्रवारी खोलीवर वाटत. रावजी एका गोदामात स्टोअरकीपर होते. वस्तू ताब्यात आली की नियमाशिवाय हलू द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. अध्यक्ष हेमचंद्रसाहेब बँकेत मोठ्या हुद्द्यावर, राहायला जनाबियाला. कोंडसुरे त्यांनी लहानपणी एकदा, तेही मोटारीतून पाहिले होते, त्यामुळे गावावरचे त्यांचे प्रेम शाबूत होते. सभांची इतिवृत्ते कपाटात कुलूपबंद असत. नऊ वर्षांत ती कोणी पाहिली नव्हती, म्हणजे त्यांत एकही चूक सापडली नव्हती.

गणपत रोज सकाळी जनाबियाहून एका अमेरिकन साहेबाला मआमीरजवळच्या कारखान्यात नेई. साहेब वेल्डिंग तपासायचा. जातीचा ओजिब्वे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांकाठचे मूळचे लोक. त्यांचीच जमीन सरकारने त्यांच्यासाठी थोडीशी राखून ठेवली आहे (बाकीची इतरांसाठी राखली) आणि त्या तुकड्यावर त्यांचे निवडून दिलेले कौन्सिल कारभार बघते. साहेबाच्या गावी सुधारणेसाठी सह्या गोळा करणे चालले होते. बहिणीचे पत्र आले की तो गाडीत मन मोकळे करी. कौन्सिल सभेची टिपणे दाखवत नाही. पोटासाठी शहरात गेलेल्यांना कोणी विचारत नाही. कौन्सिलविरुद्धची तक्रार कौन्सिलनेच नेमलेला माणूस ऐकतो. आणि सभासद व्हायला रक्त मोजतात: चार आजी-आजोबांपैकी एकाएवढे तरी जमातीचे हवे.

"माझी नात यादीत नाही, गणपत," साहेब एकदा म्हणाला. "मांडीवर बसते. यादीत नाही."

गणपतची बायको मालू तेव्हा गावी सातव्या महिन्यात होती. त्याच काळजीपोटी तो पुढच्या शुक्रवारी सर्वसाधारण सभेत उभा राहिला आणि साहेबाचे सगळे गाऱ्हाणे त्याने सांगितले. असे आपल्याकडे होऊ नये, एवढेच त्याला म्हणायचे होते. पण 'अमेरिकेत' हा शब्द त्याने सुरुवातीला घेतला आणि 'होऊ नये' शेवटाला ठेवले. तोवर हेमचंद्रसाहेबांचे पेन उघडले होते.

"अमेरिकेत हे सगळं खरंच चालतं?"

"चालतं, पण लोक ओरडतायत ना, साहेब."

"ओरडतात म्हणजे अंमलबजावणी चोख आहे. लिहा, रावजी."

त्या सभेत 'सभासदांच्या हक्कांची सनद' एकमताने मंजूर झाली. तिच्यातली मुख्य कलमे अशी. इतिवृत्त गोपनीय राहील, कारण ते सभासदांच्या मालकीचे आहे आणि मालकाची वस्तू कोणालाही दाखवू नये. गावाबाहेर राहणाऱ्यास मत नाही (मंडळातले सगळेच गावाबाहेर राहत होते, त्यामुळे कोणावरही अन्याय झाला नाही). समितीविरुद्धची तक्रार समिती ऐकेल. आणि रक्त. अमेरिकेत पाव चालते, म्हणून कोंडसुऱ्याने निम्मे ठेवले.

सूचक म्हणून गणपतचे नाव टाइप झाले. आयुष्यात पहिल्यांदाच. त्याची छाती फुगली. हात वर करणाऱ्यांत तो पहिला होता.

हिशेब दुसऱ्या शुक्रवारी लागला. कोंडसुऱ्यात सगळी भावकी, त्यामुळे सुना बाहेरगावच्या. म्हणजे आई बाहेरची, आईचे आईबाप बाहेरचे, वडलांची आईही बाहेरची. उरला वडलांचा बाप. प्रत्येक सभासद रोखठोक पाव निघाला. सत्तावीसपैकी पात्र सभासद: शून्य. समितीचे तिघे पदसिद्ध असल्याने त्यांचे रक्त मोजायचा प्रश्न नव्हता. त्या महिन्यात मंडळातल्या तक्रारी शंभर टक्क्यांनी घटल्या, कारण तक्रार फक्त सभासदाला करता येते.

आणि पत्रे फक्त सभासदाला मिळतात.

रावजींनी मात्र पारदर्शकता सोडली नाही. आलेल्या पत्रांची यादी ते दर शुक्रवारी खोलीतल्या फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहीत. यादी वाचायचा हक्क बिगरसभासदांनाही होता. ऑगस्टमध्ये गणपतने वाचले: 'गणपत. एक पाकीट. जाड.'

"रावजी, बाळंतपणाचं असेल हो. द्या की."

"सभासद मफी, तू सभासद नाहीस, गणपत. मी काय करू? घटना तुझीच."

"निदान फोडून सांगा, मुलगा की मुलगी."

"दुसऱ्याचं पत्र फोडू?" रावजींना खरोखर धक्का बसला. "हक्क म्हणून काही आहे की नाही माणसाला?"

कंपनीच्या पेटीवर घरची पत्रे मागवायला मनाई, रजा पुढच्या वर्षी, गावात फोन नाही. गणपत दोन दिवस नीट जेवला नाही. मग त्याला एकदम आजी आठवली. गंगूबाई, त्याच्या आईची आई. ती कोंडसुऱ्याचीच लेक. लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली, आणि तिची मुलगी सून म्हणून परत कोंडसुऱ्यात आली. एक आजोबा पाव, एक आजी पाव. सत्तावीस जणांत निम्म्या रक्ताचा एकटा गणपत! तो धावतच समितीपुढे गेला.

समितीने मनापासून अभिनंदन केले आणि आजी गावचीच, असा पोलीस पाटलाचा दाखला मागितला. दाखला टपालानेच यायला हवा, हातोहात आणलेल्याचा काय भरवसा. गणपतने घरी पत्र टाकले. महिन्याभराने फळ्यावर ओळ आली: 'गणपत. दुसरे पाकीट. दाखला असावा.'

"मग झालं की, रावजी! आता द्या."

"सभासद झालास की लगेच. इंशाल्ला."

"सभासद व्हायला दाखला लागतो ना? तो पाकिटात आहे!"

"म्हणून तर जपून ठेवलंय," रावजी म्हणाले.

गणपतने हे साहेबाला गाडीत सांगितले. साहेब इतका हसला, की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग त्याने डोळे पुसले. कारखान्याचे फाटक आल्यावर म्हणाला, "हे आमच्या कौन्सिलला कळवू नकोस. त्यांना अजून सुचलेलं नाही."

मंडळ आज उत्तम चालले आहे. सभा साडेचार मिनिटांत संपतात. फळ्यावर गणपतच्या नावापुढे आता चार पाकिटे आणि एक तार आहे. तो शुक्रवारी फळ्यापुढे उभा राहतो, ओळ दोनदा वाचतो. आपल्याला मुलगा झाला की मुलगी, हे त्याला अजून ठाऊक नाही. बाजारात झबली दिसली की तो दोन्ही रंगांची घेतो.

कोणाची हरकत असल्यास ती लेखी, टपालाने, मंडळाच्या पेटीवर पाठवावी. ज्या वाचकांना हे वाचताना हसू आले, त्यांचे हात वर होते, अशी नोंद रावजींनी इतिवृत्तात केलेली आहे. नोंद तपासायची असल्यास कपाट झिंजला आहे. मात्र आधी आपल्या आजीचा दाखला पाठवावा.