सत्कारमूर्तीचा व्यास

प्रत्येक माणसाला एक व्यास असतो. जन्माच्या वेळी तो शून्य असतो. पुढे माणूस समाजकार्यात पडला की तो वाढू लागतो आणि वाढता वाढता एक दिवस अडीच फुटांचा होतो. त्यापुढे माणसाची प्रगती होत नाही, कारण त्याहून मोठ्या फोटोत मिशीचा कलप दिसतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. गुणवंत गौरव समिती, राजापेठ विभाग, अमरावती, या संस्थेचा मी, सहदेव काळमेघ, अकरा वर्षांपासून सचिव आहे. या काळात आम्ही चारशे बारा गुणवंतांचा गौरव केला. त्यांत दहावी-बारावीचे दोनशे नव्वद, नोकरी लागलेले अठ्ठ्याण्णव, नोकरीतून सुटलेले तेवीस, आणि एक चुकून (नाव सांगत नाही, घरातलाच आहे). एवढ्या साऱ्यांचे फ्लेक्स लावले, पण आजवर एकानेही तक्रार केली नाही. गोपालनेही केली नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागून कुणी वाकडं बोलायला नको.

गोपाल हा राजापेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात नऊ वर्षांपासून डिझाईन करणारा पोरगा. पोरगा म्हणजे एकतीस वर्षांचा आहे, पण ज्याचा फोटो कुठेच लागलेला नाही त्याला आमच्याकडे पोरगाच म्हणतात. मूळचा हिवरखेडचा, म्हणजे जिल्हा अकोला. घरी वांगी, मेथी आणि झेंडू पिकतो आणि त्याची आई पार्बताबाई तो माल बाजारात बसून विकते.

आता फ्लेक्सचं शास्त्र थोडक्यात सांगतो. मान्यवरांचे फोटो गोलातच बसवायचे असतात. चौकोनात चेहरा नीट मावतो, पण तेज येत नाही. 'अ' वर्गाच्या मान्यवराला अडीच फूट, 'ब' वर्गाला दोन फूट, 'क' वर्गाला एक फूट. यात इंचाची घट म्हणजे अपमान. दोन मान्यवरांचे गोल एकमेकांना टेकले तर युती झाली असं समजतात. एकमेकांवर चढले तर पोलीस येतात.

आणि छपाईच्या ऐन वेळी फोन येतो, "भाऊ, आमच्या साळ्याचा एक फोटो टाकजो." की पुन्हा सारे गोल हलवा. हे दिवसातून सहा-सहा वेळा होऊ लागलं, तेव्हा गोपालने कंटाळून एक प्रोग्राम लिहिला. त्याला मान्यवरांची यादी दिली की तो सगळे गोल कमीत कमी जागेत, एकमेकांवर न चढवता, बसवून देतो. कॉलेज त्याने दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, पण डोकं लई तेज.

नंतर त्याला इंटरनेटवर दिसलं की जगात याची स्पर्धाच भरते. आंतरराष्ट्रीय मनोरंजनात्मक गणित प्रोग्रामिंग स्पर्धा असं तिचं भारदस्त नाव. त्या वर्षीचं कोडं हेच होतं: लहानमोठे गोल घ्या, कमीत कमी जागेत बसवा, टेकले तर चालतील, चढले तर बाद. एकतीस देशांतले दोनशे शहाऐंशी हुशार लोक तीन महिने त्याच्यावर डोकं लढवत होते, पण त्यांपैकी एकालाही कधी कुणाच्या साळ्याचा फोन आलेला नव्हता. निकाल लागला. फिनलंडचे एक प्राध्यापक पहिले, जपानच्या दोघी बहिणी मिळून दुसऱ्या, आणि तिसरा आमचा गोपाल.

ही बातमी कळताच समितीची तातडीची सभा झाली (विषय एक, हजर अकरा, चहा बावीस). गोपालला समोर बोलावून खात्री करून घेण्यात आली. समितीचे अध्यक्ष देवीदासजी उमक यांनी गुणपत्रिका मागितली.

"गुणपत्रिका नसते काका," गोपाल म्हणाला. "जागा जितकी कमी लागली, तितका नंबर वर."

"म्हंजे कमीवाला वर? मंग माह्या पोराले आजवर काहून बोलावलं नाही इथं?"

महिला आघाडीच्या बेबीताई गावंडे यांनी बक्षीस काय मिळालं ते विचारलं. बक्षीस नसतं, असं कळलं. प्रमाणपत्रही नसतं. फक्त यादीत नाव येतं.

"मंग एवढे लोकं कायले करते हे?" बेबीताईंनी विचारलं.

"मजा येते म्हणून."

मजा येते म्हणून काही करणारा माणूस समितीने याआधी पाहिलेला नव्हता. 'मजा' हा शब्द इतिवृत्तात लिहिता येत नाही, म्हणून मी तिथे 'विश्वकल्याणार्थ' असं लिहिलं आणि सत्काराचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. फ्लेक्स वीस फूट बाय दहा फूट, वरचे दोन फूट मथळ्याला. नियम चारनुसार सत्कारमूर्तीचा फोटो अनिवार्य. (किती मोठा, हे नियमात लिहायचं राहून गेलेलं आहे. दुरुस्तीसाठी उपसमिती नेमली आहे.) डिझाईनचं काम अर्थातच गोपालला देण्यात आलं. जगात तिसरा माणूस गल्लीत बसला असताना दुसऱ्याकडे जाणं बरं दिसलं नसतं.

सभेनंतर गोपाल माझ्यामागे जिन्यापर्यंत आला.

"काका, मले शालबिल काही नको. पन माय येऊन राहिली हिवरखेडवरून. तिचं एकच म्हननं हाय, का फ्लेक्सवर माहा फोटू पाहाचा हाय. आमच्या शेजारच्या विपुलचा लायसन भेटलं म्हनून फ्लेक्स लागला. तवापासून फोन केला का एकच, 'तू साऱ्या दुनियेचे फोटू लावतं बापू, तुहा कई लागन रे?' तेवढं पाहाजा."

मी म्हटलं, "अरे, तुहाच सत्कार हाय, तुहा फोटो नाही लागन तं कोनाचा लागन?" हे मी मनापासून बोललो होतो. आजही तसंच बोलेन.

पहिल्या आराखड्यात समितीचे अकरा आणि पाहुणे दहा असे एकवीस मान्यवर कडेने आणि मधोमध गोपाल, बैलगाडीच्या चाकाएवढा. पाहून माझंही मन भरून आलं. मात्र सत्कारमूर्ती जन्माने अकोल्याचा आहे ही गोष्ट अकोल्यात पसरली. अमरावतीचे एकवीस लागतात तर अकोल्याचेही एकवीसच लागले पाहिजेत, असा निरोप आला. मागणी न्याय्य होती. पण जागा आणायची कुठून? मान्यवरांचे व्यास ठरलेले, त्यांना हात लावायची कुणाची छाती? फ्लेक्सवर एकच गोल असा होता की ज्याला कोणताच वर्ग नव्हता. गोपालने तो परातीएवढा केला.

मग वरूडहून संत्रा व्यापारी मंडळाचे पुंजारामजी धर्माळे यांचा फोन आला. गोल वस्तू कमी जागेत बसवण्याचं काम वरूड पिढ्यान्‌पिढ्या करत आलं आहे, तेव्हा या यशात पेटी भरणाऱ्यांचा वाटा आहे, असं त्यांचं म्हणणं. वरूडचे नऊ वाढले. गोपाल ताटाएवढा झाला. वरूड अमरावती जिल्ह्यात येत असल्याने अकोल्याचेही नऊ वाढले, तेव्हा गोपाल संत्र्याएवढा झाला. ही चुरस वाढू नये म्हणून तटस्थ म्हणून मूर्तिजापूरचे चार घेतले (जिल्ह्याने अकोल्याचे, बाजाराला अमरावतीत). तेव्हा तो लिंबाएवढा झाला. याच सुमारास सचिवाचा व्यास एक फुटावरून दोन फूट करण्यात आला. त्याला सबळ कारण होतं, ते आता आठवत नाही. गोपाल बोराएवढा झाला.

एकूण मान्यवर चौसष्ट भरले: 'अ' वर्ग नऊ, 'ब' पंधरा, 'क' चाळीस. गोपालने दोन दिवस प्रोग्राम चालवला आणि कागद घेऊन समितीपुढे आला. त्याचे डोळे लाल झालेले होते.

"काका, याच्यापुढं होत नाही. दोन मान्यवर कमी करा, नाहीतं सगळ्यांचा एकेक इंच कमी करा. मी दिसत नाही यात. माय येऊन राहिली जी."

देवीदासजींनी चष्मा काढला. "जगात तिसरा ना तू? कमी जागेत गोल बसवाचा तुहा नंबर आला ना? मंग एक फोटो बसवता येत नाही तुले? बसवता येत नसन तं मंग तो निकाल खोटा समजाचा का आमी?"

बसवला नाही, तर तो तिसरा नाही, म्हणजे सत्कारच नाही. बसवला, तर सत्कार पक्का. गोपाल कागदाची घडी करून खिशात ठेवून गेला. सायंकाळपर्यंत त्याने बसवून दाखवलं. चौसष्टच्या चौसष्ट मान्यवर आपापल्या व्यासात, कुणी कुणाला टेकलेलं नाही, आणि गोपाल तुरीच्या दाण्याएवढा, माझ्या आणि पुंजारामजींच्या फोटोंमधल्या खालच्या फटीत. नियम चारचं पालन झालं. असं काम फिनलंडच्या बापाला जमलं नसतं, असं मी त्याला सांगितलंसुद्धा.

सत्काराच्या दिवशी फ्लेक्स सभागृहाच्या दारात, बांबूच्या चौकटीवर, जमिनीला टेकवून उभा केला होता. शाई अजून ओली होती. सकाळीच लक्षात आलं की अकोल्याच्या एका विद्यमान जिल्हा परिषद सदस्याच्या नावामागे 'माजी' पडलं आहे. त्यामुळे त्याच्यावर चिकटवायची पट्टी करायला गोपालला दुकानात पाठवावं लागलं. सदस्य पट्टी लागेपर्यंत गाडीतून उतरायला तयार नव्हते.

तेवढ्यात पार्बताबाई आली. नवं लुगडं, हातात मेथीची पिशवी. मला ती ओळखत नव्हती. तिने पिशवी पायाशी ठेवली आणि पहिल्या ओळीपासून एकेका चेहऱ्याकडे बोट दाखवत निघाली, गहू निवडावेत तशी. चौसष्ट झाले. मागे सरकून तिने पुन्हा चौसष्ट पाहिले. मग माझ्याकडे वळली.

"दादा, यातला माहा गोपाल कोनता जी?"

सचिव म्हणून माहिती देणं माझं कर्तव्य आहे. "हा पाहा, माय. हा इथं, खालच्या अंगाला."

ती वाकली. डोळे बारीक केले. मग तिने पदराचं टोक जिभेला लावलं आणि तो ठिपका पुसायला लागली.

"माशीनं घान केली वाटते जी. हे पुसलं का मंग दिसन तो."

शाई ओलीच होती. ठिपका गेला. ती मागे सरकून उभी राहिली आणि वाट पाहू लागली, आता दिसेल म्हणून. मी चहावाला कुठे दिसतो का ते पाहू लागलो, हे मी कबूल करतो. सकाळपासून चहा नव्हता.

थोड्या वेळाने तिने फ्लेक्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे तुमीच व्हय ना? मस्त आला जी तुमचा फोटू."

"तुमच्याच पोरानं बसवला, माय," मी म्हटलं.

सत्कार उत्तम पार पडला. एकोणचाळीस भाषणं झाली. पट्टी चिकटवून गोपाल दुकानात परतला होता, कारण आभाराचा फ्लेक्स करायचा होता. म्हणून शाल आणि श्रीफळ त्याच्या वतीने मी स्वीकारलं. पार्बताबाई मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, साऱ्यांसाठीच.

पण गाव म्हटलं की बोलणारे असतातच. तिसऱ्या दिवशी काही संवेदनशील नागरिकांनी झाल्या प्रकाराबद्दल निषेध समिती स्थापन केली. निषेधाचा फ्लेक्स वीस बाय दहाचाच आहे. आजपर्यंत सत्तावीस निषेधकर्त्यांचे फोटो आले असून काम गोपालकडेच दिलं आहे. या वेळी मात्र मथळ्यात गोपालचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत टाकायचंच, असा त्यांचा निर्धार होता. नाव विचारायला ते माझ्याकडे आले. मी सारी दप्तरं उघडली. नुसतं 'गोपाल' सापडलं, आडनाव काही सापडलं नाही. दुकानमालक म्हणाला, "गोपाल म्हंजे गोपाल." पार्बताबाई सत्काराच्याच दिवशी चारच्या गाडीने हिवरखेडला निघून गेली होती. खुद्द गोपालला विचारायला साऱ्यांनाच लाज वाटते, कारण नऊ वर्षं ज्याच्याकडे जातो त्याला आता आडनाव विचारायचं कसं? ते फिनलंडमध्ये माहीत आहे म्हणतात, स्पर्धेच्या यादीत छापलेलं आहे.

वाचकहो, तुम्ही मघापासून आमच्यावर मनातल्या मनात चिडून राहिले असाल. चिडा, तुमचा हक्क आहे. पण उमक, गावंडे, धर्माळे, काळमेघ ही सारी आडनावं तुम्ही हुद्द्यासकट वाचली. गोपालचं मी एकदाही सांगितलं नाही, आणि तुम्हीही एकदा थांबून विचारलं नाही. यात वाईट वाटून घेऊ नका. समितीला अशाच माणसांची गरज असते. आपला एक फोटो पाठवून द्या, 'क' वर्गात बसवून घेऊ.