हौसराव आप्पांची एकहाती सत्ता

"ही लोकशाही म्हंजी नुसती गर्दी! धा तोंडं, अकरा मतं! एका खमक्याच्या हातात देश द्या, आन् मग बघा!"

बंद दाराआडून हौसराव आप्पांची कुरकुर चालली होती. ऐकणारे दोघंच. आत मोबाइल आणि बाहेर मेथी निवडत बसलेल्या त्यांच्या पत्नी तुळजाबाई. मोबाइलला पाय नव्हते, म्हणून तो ऐकत होता. तुळजाबाईंची मेथी संपली नव्हती!

साखर कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाल्यापासून आप्पा यूट्यूबवर राजकीय भाष्यकार झाले होते. सबस्क्रायबर दोनशे बारा. त्यातले निम्मे त्यांच्याच केंदूर गावचे, भाऊकीतले, भीतीपोटी! कुठल्याशा देशात हुकूमशहाने आठवड्यात पूल बांधला हे सांगताना ते असे डोळे पुसायचे, जशी काही लेकच सासरी निघालीय.

लेकीची, म्हणजे सायलीची सोयरीक राहू गावच्या बापूसाहेबांच्या मुलाशी जमली आणि आप्पांना राज्यच मिळालं. "बैठक न्हाई, चर्चा न्हाई! मी म्हणीन ती तारीख!" भाऊकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हुकूम सुटला: येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता, दारातच साखरपुडा!

पुतण्या विश्वजीतने "आप्पा, त्या दिवशी तर" एवढंच लिहिलं, आणि तो ग्रुपमधून तडीपार! मग आप्पांनी ग्रुपवर आपल्याशिवाय कुणाला लिहिताच येणार नाही अशी तजवीज केली.

आचारी म्हणाला, "आप्पा, त्या दिवशी माणसं..."

"तीनशे! पुढं बोलू नको!"

आता रविवारी केंदूरला ग्रामपंचायतीचं मतदान होतं, हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत होतं. आप्पांना कसं असावं? प्रचाराच्या रिक्षेने रेकॉर्डिंग बिघडतं म्हणून त्यांनी खिडकीला थर्माकोल ठोकला होता! भाऊकीतलीच अनिता उमेदवार. ती पाया पडायला आली, तर तिला 'निवडणुका बंद करा' यावर पाऊण तास ऐकवलं आणि तिचं पत्रक घडी करून ट्रायपॉडच्या लंगड्या पायाखाली सरकवलं.

तुळजाबाईंनी दोनदा तोंड उघडलं.

"अहो, रविवारी..."

"रेकॉर्डिंग चालू हाय!"

"अहो, ते रविवारचं..."

"हुकूम फिरत नसतो!"

तिसऱ्यांदा त्यांनी विचार केला, सांगेल की कुणीतरी. गंमत अशी, की अख्ख्या केंदूरने हाच विचार केला होता!

रविवारी अकराला राहूहून तीन गाड्या आल्या. चाळीस पाहुणे उतरले. मांडवात तीनशे खुर्च्या, आणि घरच्या बाजूची माणसं पाच. त्यातला एक मांडववाला!

बापूसाहेबांनी चौफेर नजर फिरवली. "पाव्हणं, भाऊकी कुठं हाय तुमची?"

आप्पांनाच ते माहीत नव्हतं. पण 'माहीत न्हाई' म्हणणारा हुकूमशहा कुणी पाहिलाय? "माझ्या हुकमानं बंदी हाय! फकस्त घरची माणसं!"

"मग खुर्च्या तीनशे?"

"त्या... हवा खेळती ऱ्हावी म्हणून!"

बापूसाहेबांची बहीण त्यांच्या कानाला लागली. बाकी काही ऐकू आलं नाही, 'खोट' हा शब्द मात्र स्वच्छ ऐकू आला. साखरपुड्याला स्वतःची भाऊकी नाही, म्हणजे पोरीत नाहीतर घरात काहीतरी खोट आहे, असंच पाहुणे म्हणणार! बापूसाहेबांनी टोपी नीट केली. टोपी नीट करणारा पाहुणा उठायच्या बेतात असतो, हे तुळजाबाई तीस वर्षांच्या पाहुणचारात शिकल्या होत्या. उंबऱ्याशी सायली हिरव्या साडीत उभी राहून नखांचा रंग खरवडत होती.

गुरुजी पंचांगात शिरले. आचारी कढईत शिरला. पहाटेपासून रांग धरून मत टाकून आलेला विश्वजीत शाईचं बोट खिशात लपवून खांब निरखू लागला.

तुळजाबाईंनी पदर खोचला.

"बसा पाव्हणं! पोरीत खोट न्हाई आन् घरातबी न्हाई. आज गावात मतदान हाय, समदी रांगंत हायती. अख्ख्या गावाला ठाव हुतं, ह्यांनाच न्हवतं! आन् ह्यांना सांगायची कुणाची छाती झाली न्हाई. माझीबी न्हाई!"

आचाऱ्याने झारा बुंदीच्या कढईतच सोडला.

मग बापूसाहेब हसले. असे हसले, की नीट केलेली टोपी पुन्हा वाकडी झाली. "आवो, मग टाकू द्या की मतं! आमी कुठं पळून चाललोय? च्या आणा!"

आप्पा एका खुर्चीवर टेकले होते, चार्जिंग संपलेल्या मोबाइलसारखे. चहाचे कप फिरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अगं, किती वाजेपर्यंत असतंय ते?"

"साडेपाच," तुळजाबाई म्हणाल्या. "आन् ट्रायपॉडखालचं पत्रक वाचून जावा. अनिताचं चिन्ह त्याच्यावरच हाय!"