टिल्डाला रागावता येत नाही

“गुन्हेगार सापडलाच पाहिजे, स्टाफान! सूचना अशी छाप, की वाचणाऱ्याचे पाय लटपटले पाहिजेत,” गुन्वोरबाईंनी दारातूनच फर्मान सोडलं.

स्टाफान एकब्लादने मान डोलावली खरी, पण पाय त्याचेच लटपटत होते. स्वीडनमधल्या उप्साला शहरातल्या त्या चार मजली इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईची खोली होती. तिथल्या कपडे वाळवायच्या यंत्राची जाळी कोणीतरी महिनाभर साफच करत नव्हतं. उघडून बघावं तर आत सशाएवढा धाग्यांचा गोळा! सोसायटीच्या अध्यक्ष गुन्वोरबाई एकोणीस वर्षं या खोलीवर राज्य करत होत्या आणि त्यांच्या रागीट सूचनांनी भिंतीचा रंगसुद्धा दिसेनासा झाला होता. पण हा गुन्हेगार काही हाती लागत नव्हता. तो कोण, हे साऱ्या इमारतीत एकालाच ठाऊक होतं. खुद्द स्टाफानला.

शिक्षा ठरलेली होती. दोन महिने धुलाई बंद! फळ्यावर आपलं छोटंसं कुलूप अडकवून जो तो आपली वेळ राखून ठेवायचा. स्टाफानची वेळ शनिवारी सकाळी दहाची, म्हणजे सोन्यासारखी. ती मिळायला त्याने सहा वर्षं वाट पाहिली होती.

“तू अक्षरं काढतोस ना? मग कर की काहीतरी चार लोकांसाठी. मी चालले बहिणीकडे. गुरुवारी संध्याकाळी सातला येते, तेव्हा सगळ्यांना तळघरात बोलाव. तूच छाप आणि तूच चिकटव,” असं म्हणून गुन्वोरबाई बॅग ओढत निघून गेल्या.

अक्षरं तो काढत होता, यात शंका नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन वर्षं कुंचला घेऊन त्याने एक फाँट काढला होता आणि लाडाने त्याचं नाव ठेवलं होतं टिल्डा. टिल्डातल्या ‘ए’ला ढेरी होती, ‘आर’ शेजारच्याच्या खांद्यावर रेलायचा आणि उद्गारचिन्ह तर नुकतंच जेवून उठल्यासारखं दिसायचं. पण फाँट विकणाऱ्या कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं, “गोड आहे, पण वापरणार कोण?” तेव्हापासून टिल्डात कोणी एकही वाक्य छापलं नव्हतं, आणि हे दुःख स्टाफान रोज गिळत होता.

सूचना आधी त्याने ठसठशीत, काळ्याकुट्ट अक्षरांतच मांडली. ‘कोणीतरी जाळी साफ करत नाही. हे मुळीच खपवून घेतलं जाणार नाही! गुरुवारी सात वाजता सर्वांनी तळघरात हजर राहावे!’ वाचून त्याने स्वतःच खुर्ची दोन हात मागे सरकवली. मग नुसतं बघू तरी, म्हणून त्याने तोच मजकूर टिल्डात घातला, आणि झालं! लेकराला पहिल्यांदा शाळेचे कपडे घातलेले पाहावेत, तसं त्याला भरून आलं. ते बदलायला हात उठेना. तोच कागद छापून त्याने तळघराच्या दारावर चिकटवला.

गुरुवारी सात वाजता गुन्वोरबाई थेट स्टेशनवरून तळघरात उतरल्या आणि दारातच थबकल्या. इस्त्रीच्या टेबलावर दालचिनीचे बन, कॉफीचे थर्मास! दुसऱ्या मजल्यावरचा रूने चक्क अकॉर्डियन वाजवत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या हेंगामेने केशर घालून केक आणला होता.

“हे काय चाललंय?”

“या, या! तुमचीच वाट बघत होतो. किती गोड आमंत्रण हो!” हेंगामे म्हणाली.

“आमंत्रण? अगं, ती धमकी आहे, धमकी!”

रूनेने चष्मा लावून सूचना पुन्हा वाचली. “अरेच्चा, खरंच की! पण काय प्रेमाने दिलीय!”

सगळे खो खो हसले. “गुन्हेगारच हवाय ना? मग ऐका, बंदी असली तरी कुत्र्याची गादी मी इथेच धुतो,” रूनेने सांगून टाकलं. “आणि मनाई असताना मी रविवारी गालिचा धुतला!” हेंगामे म्हणाली. हास्याच्या त्या भरात स्टाफानही हात वर करून ओरडला, “आणि जाळीतला तो ससा माझा!”

सगळ्यात मोठा हशा त्यावरच पिकला. गुन्वोरबाई मात्र सूचनेकडे एकटक बघत होत्या. त्यांनी एक बन उचलला, पर्समधून डायरी काढली आणि शांतपणे काहीतरी टिपून घेतलं.

“एकोणीस वर्षांत एक कबुली मिळाली नव्हती रे,” त्या म्हणाल्या. “आज एका बैठकीत तीन! स्टाफान, ही अक्षरं माझ्या कंप्युटरवर घालून दे बघू.”

स्टाफानचे डोळे पाणावले. टिल्डाला अखेर कोणीतरी मागणी घातली होती.

शनिवारी दहाला तो कपड्यांची पिशवी घेऊन खाली आला. फळ्यावर त्याचं कुलूप नव्हतं. त्या जागी टिल्डात छापलेला कागद होता, ‘स्टाफान एकब्लाद. धुलाई बंद. दोन महिने!’ त्याने तो तीनदा वाचला. आपल्या नावाच्या स्वीडिश स्पेलिंगमधले दोन ‘एफ’ हातात हात घालून उभे आहेत, हे बघून त्याला हसू आवरेना.

“राग नाही ना आला?” मागून गुन्वोरबाईंनी विचारलं.

“छे हो बाई, राग कसला! फक्त ओळींमध्ये जरा मोकळी जागा सोडा. पुढच्या वेळी मीच मांडून देईन.”

“पुढच्या वेळी?” गुन्वोरबाईंनी डायरी उघडली. “म्हणजे परत करणार आहेस तर! मग चार महिने. नवीन कागद आत्ताच छापते, टिल्डातच.”

“छापा, छापा!” स्टाफान आनंदाने म्हणाला आणि मळक्या कपड्यांची पिशवी खांद्यावर टाकून, शीळ घालत जिना चढू लागला.

दुसऱ्या मजल्यावर शीळ थांबली. चार महिने कपडे धुवायचे कुठे?